बोळातलं फाटक

९ जानेवारी

आज वेल्डिंगचं यंत्र घरी आणलं. आकाराने शिवणयंत्राहून लहान, वजनाने मी जिथे मुद्रितं तपासतो त्या कार्यालयातल्या कोशाच्या दोन खंडांइतकं. दुकानदाराने विचारलं, "कुठल्या वर्कशॉपसाठी?" म्हटलं, "घरगुती वापरासाठी." त्याने आधी माझ्या बोटांकडे पाहिलं, मग चष्म्याकडे, आणि फळीवरचं सगळ्यांत स्वस्त यंत्र खाली काढलं. "शिकाऊ माणसाला हे बरं. बिघडलं तरी वाईट वाटत नाही." सोबत रॉडचं पाकीट, काळ्या काचेचा मास्क, कोपरापर्यंतचे हातमोजे, तारेचा ब्रश आणि एक टोकदार हातोडी दिली.

प्रयोजन लिहून ठेवतो. आमची दोन घरं पाठीला पाठ करून उभी आहेत. माझं पुढचं दार मागच्या गल्लीत, दादाचं आणि त्याच्या वर्कशॉपचं मोठ्या रस्त्यावर. मध्ये बारा पावलांचा बोळ आहे आणि दोघांची मागची दारं त्यात उघडतात. या बोळाच्या मधोमध मला लोखंडी फाटक बसवायचं आहे, कडी माझ्या बाजूला. एकदा ते लागलं की थोरल्या भावाचा आणि माझा संबंध रस्त्यावरून जाणाऱ्या दोन माणसांइतका उरेल. तेवढा मला पुरे आहे.

स्वतः शिकण्याचं कारण असं की दादा पस्तीस वर्षं फाटकंच करतो. मी तीन वेल्डरांना बोलावून पाहिलं. पहिला म्हणाला वेळ नाही. दुसरा म्हणाला, "दादांच्या बोळात दादांच्या विरुद्ध फाटक? नको साहेब, मला त्यांच्याकडून कटर उसना लागतो." तिसऱ्याने बोळ मोजला, चहा घेतला आणि सरळ दादाच्या दाराने बाहेर पडला.

११ जानेवारी

बायको म्हणते, कारण लिहिलंत पण भांडण लिहिलं नाहीत. ती माझी वही वाचत नाही. तिला माझा स्वभाव पाठ आहे.

तर भांडण. आई गेली त्याला आठ महिने झाले. ती दादाकडे असायची, तिच्या लोखंडी पलंगावर. तपकिरी रंगाचा, जुन्या पद्धतीचा, जड. सात वर्षांचा असताना त्याच्याखाली आडवा पडून मी एका पायाच्या तळाशी खिळ्याने अ, आ, इ कोरलं होतं. त्यातला इ डोक्यावर उभा राहिला. माझ्या आयुष्यातली पहिली मुद्रणचूक. मार दादाला बसला, कारण खिळा त्याच्या पेटीतला होता.

दोन महिन्यांपूर्वी मी त्याच्याकडे गेलो तर पलंग जागेवर नव्हता.

"आईचा पलंग?"

"कापला."

"कापला म्हणजे?"

"कापला म्हणजे कापला. जागा अडत होती."

मी बरंच बोललो. व्याकरणदृष्ट्या निर्दोष बोललो. तो ग्राइंडरची वायर गुंडाळत ऐकत होता. शेवटी म्हणाला, "तू शब्द तपास, पंडित. लोखंडाचं मी बघतो. आणि शेवटच्या वर्षात तू त्या पलंगावर कितीदा बसलास ते एकदा मोजून सांग."

हे वाक्य मुद्दाम इथे उतरवून ठेवतो, कारण ते धडधडीत अन्यायाचं आहे. मी जात असे. दर रविवारी जात असे. एकाआड एक रविवार तर नक्की.

१४ जानेवारी

यंत्र सुरू केलं. घरातले दिवे क्षणभर मान खाली घालून परत वर आले. चिमटा लोखंडाला लावला, रॉड हातात धरला, मास्क खाली ओढला. आत मिट्ट काळोख. ठिणगी पडेपर्यंत आपण कुठे आहोत तेही कळत नाही. मी शास्त्रं वाचलेला माणूस आहे, अज्ञानाची इतकी थेट अनुभूती पहिल्यांदाच आली.

रॉड काडेपेटीसारखा ओढायचा असतो. ओढला. तो लोखंडाला चिकटला आणि यंत्र गुरगुरायला लागलं. खेचला, निघेना. दोन्ही हातांनी खेचला. पट्टी टेबलासकट माझ्या अंगावर यायला लागली.

बोळापलीकडच्या भिंतीमागून दादाचा आवाज आला. "खेचू नकोस. मुरगाळ."

दोन महिन्यांतलं त्याचं हे पहिलं वाक्य. मी उत्तर दिलं नाही. थोडा वेळ मानाने खेचत राहिलो आणि मग, माझा हात आपोआप तसा वळला म्हणून, मुरगाळला. रॉड सुटला. योगायोग.

१९ जानेवारी

सरावासाठी चौकोनी नळ्या आणल्या होत्या. जोड व्हायच्या ठिकाणी भोकं पडतात. भोक बुजवायला जावं तर ते मोठं होतं. चूक दुरुस्त करताना दोन नव्या चुका करणारे लेखक मी आयुष्यभर पाहिले, आता त्यांची मनःस्थिती कळली.

पलीकडून: "चाळणी करतोयस का?"

मी गप्प.

"किती अँपिअरवर ठेवलंयस?"

मी गप्पच. एकशेतीसवर होतं. कारण बटण तिथपर्यंत जात होतं.

"सत्तर," भिंत म्हणाली. "आणि ती नळी पत्र्याची आहे. ती तुझ्या हातून होणार नाही, माझ्या हातूनही जपूनच होते. अक्कल असती तर आधी विचारलं असतंस."

यंत्र सत्तरवर आणलं, कारण तसंही मी ते कमी करणारच होतो. भोकं लहान पडू लागली.

२३ जानेवारी

हे बायको लिहून घेते आहे. मला डोळे उघडता येत नाहीत.

सकाळी नुसते टाके मारत होतो, दोन तुकडे जागेवर धरून ठेवण्यापुरते थेंब. प्रत्येक टाक्याला मास्क खाली-वर करायचा कंटाळा आला, म्हणून डोळे मिटून ठिणगी पाडली. पंधरा-वीसदा. पापणी म्हणजे पडदा अशी माझी समजूत होती. दुपारी काही वाटलं नाही. संध्याकाळी कुणीतरी डोळ्यांत मूठभर वाळू ओतून वर मीठ टाकलं.

बोळाचं दार वाजलं. वहिनी. फाटक अजून व्हायचं आहे, त्यामुळे त्या अजून येतात. हातात थेंबांची बाटली आणि ओल्या फडक्यांची वाटी.

"भाऊजी, मान मागे करा."

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कुणी कशाला सांगायला हवं? तुमचं विव्हळणं रस्त्यापर्यंत येतंय."

"बाटली दादाच्या कपाटातली आहे."

"बाटलीला काय ठाऊक कपाट कुणाचं. मान मागे करा म्हटलं ना."

थेंब घालता घालता म्हणाल्या, "त्या पलंगावरून तुम्ही एवढं धरून बसलात. आई गेल्यावर हे रोज सकाळी चहाचे दोन कप घेऊन त्या खोलीत जायचे. एक रिकामा परत आणायचे आणि एक भरलेला. सहा महिने. मीच शेवटी म्हटलं, आता पुरे करा."

मी म्हटलं, चहा वाया घालवायची त्याला सवयच आहे.

(हे वाक्य मी लिहिणार नव्हते. ते लिही म्हणाले म्हणून लिहिलं. बायको.)

२८ जानेवारी

अपमानाची परिसीमा. कार्यालयातून आलो तर माझ्या मागच्या दारात भंगाराचा ढीग. जाड गोल नळ्या चार, दोन छातीइतक्या उंच आणि दोन कमरेइतक्या. लांब काटकोनी अँगल दोन. सपाट पट्ट्या डझनभर. सगळ्याला लाल प्रायमर फासलेला.

दादा त्याच्या दारात उभा होता.

"हे काय आहे?"

"भंगार."

"माझ्या दारात?"

"जाड आहे. भोक पडणार नाही. तुझ्यासारख्याला तेच झेपेल."

"मला तुझं भंगार नको."

"मग टाकून दे," असं म्हणून तो आत गेला आणि त्याने दार लावलं. जोरात नाही. जोरात लावलं असतं तर बरं वाटलं असतं.

टाकून देणं म्हणजे उत्तर देणं झालं, आणि आपलं बोलणं बंद आहे. म्हणून वापरायचं ठरवलं. नळ्यांच्या टोकांशी रबरी बुचांच्या गोल खुणा आहेत. कुठल्या तरी मांडणीचे पाय असावेत. ब्रशने टोक घासलं तर लालखाली तपकिरी थर निघाला. गावातली निम्मी फाटकं तपकिरी आहेत, बाकीची निळी. कुणाकुणाचं उष्टं माझ्या पदरात टाकलंय कोण जाणे.

२ फेब्रुवारी

जाड नळीला खरोखरच भोक पडत नाही. याचा आनंद झाला नाही.

५ फेब्रुवारी

ऐकून शिकण्याची परंपरा मी पुस्तकांतून वाचली होती, ती लोखंडाला लागू असेल असं वाटलं नव्हतं. रॉड आणि लोखंड यांच्यात अंतर बरोबर असलं की आवाज एकसारखा येतो, कढईत मंद आचेवर काही तळत असल्यासारखा. अंतर वाढलं की फुत्कार आणि थुंकणं, कमी झालं की घुसमट. दादाच्या वर्कशॉपमधून येणारा आवाज पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच पट्टीत असतो. मी बोळात उभा राहून ऐकत नव्हतो. तिथे गार वारा येतो.

जोडावर काळी खपली धरते, तिला स्लॅग म्हणतात. टोकदार हातोडीने ती फोडली की खालचं खरं काम दिसतं. माझं खरं काम दिसलं. उंटाच्या पाठीवर गोगलगाय चालत गेली असावी.

१० फेब्रुवारी

फाटक तयार. छातीइतकं उंच. दोन लांब नळ्या दोन बाजूंना उभ्या, अँगल कापून वर-खाली आडवे, मध्ये आखूड नळ्या आणि पट्ट्या. जोड ओबडधोबड होते, पण त्यावर माझ्याकडे उपाय होता. ग्राइंडर घेतला आणि एकेक जोड घासून असा सपाट केला की कुठे काय जोडलंय ते बोटालाही कळू नये. तीस वर्षं मी हेच करत आलो आहे. खाडाखोड दिसता कामा नये, स्वच्छ प्रत पुढे जावी.

बायको बघायला आली. "एवढंसं? यावरून तर कुणीही ओलांडून येईल."

"येणार नाही. अभिमान आडवा येईल."

"कुणाचा?"

मी ऐकलं नाही असं दाखवलं. ती म्हणाली, "एक सांगून ठेवते. हे लागल्यावर मी काही रस्त्याने वळसा घालून जाऊबाईंच्या पुढच्या दाराची बेल वाजवणार नाही. पंचवीस वर्षं मागच्या दाराने गेले. पाहुणी म्हणून जायचं असेल तर मला जायचंच नाही."

"नको जाऊस."

"तेच तर म्हणते आहे," ती म्हणाली. बायकोचं एखादं वाक्य होकार आहे की धमकी हे सांगणारं शास्त्र अद्याप रचलं गेलेलं नाही.

१२ फेब्रुवारी

आज जे झालं ते लिहावंसं वाटत नाही, म्हणून सगळं लिहितो.

सकाळी फाटक बोळात नेऊन दोन भिंतींच्या मध्ये नुसतं टेकवून मापाला लावत होतो. दादा बाहेर आला. माझ्याकडे न बघता जोडांवरून अंगठा फिरवू लागला.

"छान गुळगुळीत केलंयस."

"आभारी आहे."

"जोड कुठे आहेत?"

"तू अंगठा फिरवतोयस तिथेच."

त्याने वरच्या अँगलवर हात ठेवला. ढकललं नाही, आपटलं नाही. चप्पल घालताना माणूस भिंतीला हात लावतो तसा. फाटकाचा उजवा कोपरा सुटला, मग डावा, मग सगळं एकापाठोपाठ एक फरशीवर आलं. एवढा आवाज झाला की दोन्ही घरांतून दोन्ही बायका धावत आल्या.

"पाडलंस," मी म्हटलं.

"हात ठेवला."

"मुद्दाम पाडलंस."

"मुद्दाम पाडायचं असतं तर फुंकर मारली असती." त्याने एक तुकडा उचलून माझ्या नाकापुढे धरला. "बघ. पोटात काही भरलंच नव्हतं. वरवर जे चिकटलं होतं तेही तू घासून काढलंस. का घासलंस?"

"दिसायला वाईट होतं."

"दिसायला वाईट होतं." त्याने ते वहिनींना सांगितल्यासारखं उच्चारलं. "अरे, जोड कुबडासारखा वर दिसायला हवा. ते कुबडच धरून ठेवतं. घासून गुळगुळीत केलं म्हणजे जोडलं असं नाही होत. तुझं सगळं आयुष्य वरून स्वच्छ करण्यात गेलंय."

"आणि तुझं कापण्यात."

वहिनी म्हणाल्या, "अहो, पुरे आता." कुणाला ते कळलं नाही.

दादाचा चेहरा भट्टीतून काढल्यासारखा झाला होता, पण आवाज खाली गेला. "तुला फाटक घालायचंय ना? घाल. मी अडवलंय? पण फाटक घाल. हे कुणाच्या पायावर पडलं तर लोक म्हणतील, फाटकवाल्याच्या भावाने केलं. माझं नाव खराब करायला तुला आणखी दुसरी जागा मिळेल, त्यासाठी लोखंड वाया घालवू नकोस." खिशातून खडू काढून त्याने प्रत्येक तुकड्याच्या टोकावर फुली मारली. फरशीवर दोन नळ्यांचं चित्र काढलं, त्यांच्या कडा तिरक्या, मध्ये खाच. "आधी खाच कर. मग ती भर. तळापासून. घासायचं यंत्र जोड झाल्यावर हातात दिसलं तर मी ते उचलून घेऊन जाईन."

उरलेला खडू माझ्या पायाशी टाकून तो गेला.

बावीस फुल्या. मी मोजल्या, कारण फुल्या मोजणं हा माझा व्यवसाय आहे.

१३ फेब्रुवारी

आजपासून त्याच्या घरातला कोणताही आवाज मी ऐकणार नाही. कापसाचे बोळे घालून खाचा केल्या.

१६ फेब्रुवारी

बावीसच्या बावीस जोड पुन्हा केले. तळापासून भरले. कुबडं आली. संध्याकाळी फाटक बोळात भिंतीला टेकवून ठेवलं.

१७ फेब्रुवारी

सकाळी दात घासत असताना बोळातून आवाज आला. टण्. टण्. ठप्प. टण्. कुणीतरी हातोडीने एकेक जोड वाजवत होतं. दार उघडेपर्यंत बोळ रिकामा. फाटकावर नऊ ताज्या फुल्या.

म्हणजे ज्येष्ठ बंधू माझं प्रूफ तपासताहेत. लिहून-वाचून वैतागलेले पुष्कळ लेखक माझ्या टेबलापुढे उभे राहिले आहेत. त्यांच्यापैकी एकाचीही मी आजवर क्षमा मागितलेली नाही. मागणारही नाही. पण आठवण आली.

बायको चहा ठेवताना म्हणाली, "अहो, त्यांना तुमचं वाईटच करायचं असतं तर फाटक कच्चं राहू दिलं असतं ना?"

"त्याला माझं चांगलं करायचं नाहीय. त्याला बरोबर असायचंय."

"मग तुम्हा दोघांत फरक काय?"

मी चहा न पिता कार्यालयात गेलो. तिथला चहा भयंकर असतो.

२० फेब्रुवारी

चार फुल्या. एका फुलीशेजारी बाण काढलाय, वरच्या दिशेने. उभा जोड खालून वर न्यायचा असं सुचवायचंय वाटतं. मी वरून खाली आणत होतो, वाचतात तसा.

२१ फेब्रुवारी

खालून वर नेला. मनगटावर एक तापलेला थेंब हातमोज्याच्या तोंडातून आत गेला. ओरडलो. पलीकडचा ग्राइंडर तत्काळ बंद पडला. मी पुन्हा ठिणगी पाडेपर्यंत बंदच होता. हेरगिरीची हद्द झाली.

२४ फेब्रुवारी

एक फुली.

वहिनी बोळातून आल्या. आमची मोठी कात्री त्यांच्याकडे असते, निम्मा आठवडा इथे, निम्मा तिथे, असं वर्षानुवर्षं चाललंय. ती त्यांनी कागदात गुंडाळून बायकोच्या हातात दिली. "ठेव तुझ्याकडेच. आता नेण्या-आणण्याचं जमणार नाही."

बायको म्हणाली, "तुम्हीच ठेवा ताई, तुमचं शिवण जास्त असतं."

"नको गं. तुझी आहे."

दोघी कात्री एकमेकींकडे सरकवत उभ्या राहिल्या. शेवटी ती आमच्या टेबलावर राहिली. अजून कागदातच आहे. बायको जेवताना एक शब्द बोलली नाही, आणि तिचं न बोलणं हे माझ्यापेक्षा कितीतरी वरच्या दर्जाचं असतं.

२६ फेब्रुवारी

एकही फुली नाही. फाटकाला वरपासून खालपर्यंत उलटसुलट पाहिलं. पुसट जुन्या फुल्यांखेरीज काही नाही.

कार्यालयात दिवसभर विनाकारण प्रसन्न होतो. कुणाला सांगता येईना.

२८ फेब्रुवारी

बिजागऱ्या भिंतीत बसवून झाल्या होत्या. फाटक उचलून त्यांच्या खिळ्यांवर सोडायचं होतं आणि ते एकट्याच्याने होत नाही. तीनदा करून पाहिलं. चौथ्या वेळी पलीकडून दोन हात आले.

"उचल."

उचललं.

"तुझी बाजू खाली. खाली. अरे खाली म्हणजे जमिनीकडे."

"मला खाली म्हणजे काय ते कळतं."

"मग कर."

खालची बिजागरी बसली, मग वरची. दादाने बोटाने फाटक हलवलं. ते जराही न करकरता भिंतीपर्यंत गेलं आणि परत आलं. त्याच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही. माझ्यावरही दिसलं नसावं, मी प्रयत्न करत होतो. मी कडीचा अडणा माझ्या बाजूला जोडला. तो पलीकडे उभा राहून, माझ्याकडे पाठ करून, आवाज ऐकत होता. एकच पट्टी, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

"लाव कडी," तो म्हणाला.

लावली.

दादा दोन पावलं मागे गेला आणि खांद्याने फाटकावर धडकला. भिंतीतून धूळ पडली. पुन्हा मागे गेला, पुन्हा धडकला. तो साठीचा माणूस आहे. बायको दारातून म्हणाली, "दादा, लागेल तुम्हाला." तो तिसऱ्यांदा धडकला. फाटक हललं नाही.

"धरलं," तो म्हणाला. खांदा चोळत आत गेला आणि त्याने दार लावलं.

म्हणजे मी जिंकलो. तारीख वर घातली आहेच.

१ मार्च

रंग द्यायचा म्हणून तारेच्या ब्रशने माझ्या बाजूचा सगळा प्रायमर आणि गंज साफ केला. पलीकडची बाजू करायला कडी काढून पलीकडे जावं लागलं. दादा कामावर गेलेला, दार बंद. कडीशेजारच्या लांब नळीचं वरचं टोक घासत होतो, हाताच्या उंचीवर. लाल निघालं, मग तपकिरी. तपकिरी रंगात रेघा होत्या. ओरखडे वाटले. आणखी घासलं.

अ आणि आ डोक्यावर उभे. इ तेवढा सुलटा.

पाय उलटा लागला आहे. तळ वर आलाय.

मी फाटक मोजलं. आता मोजायची गरज नव्हती, तरी मोजलं. दोन लांब पाय, दोन आखूड. दोन अँगल. बारा पट्ट्या. काहीही कमी नाही. त्याने एक पट्टीसुद्धा स्वतःच्या कामाला वापरलेली नाही. सगळं घासून, प्रायमर देऊन, नीट ठेवून दिलेलं असणार, आणि मग माझ्या दारात आणून टाकलं.

कावा लक्षात आला. मला तिच्याच पलंगाचं फाटक करायला लावलं. बोलला नाही, एका शब्दाने बोलला नाही. बोळात मध्ये तिला उभं केलं, माझ्याच हातांनी, बावीस जोड तळापासून भरून, आणि वर तीनदा धडक मारून खात्री करून घेतली. इतका खोल सूड मी कोणत्याही ग्रंथात वाचलेला नाही.

असा विचार करत मी पलीकडे किती वेळ बसलो होतो कोण जाणे. दार उघडलं.

"माझ्या बाजूला काय करतोयस?"

"रंग."

"रंगाचा डबा तुझ्या बाजूला आहे."

त्याने नळीच्या वरच्या टोकाकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या ब्रशकडे.

"कुणी सांगितलं होतं इतकं घासायला?" तो म्हणाला.

"तू सांगितलं नाहीस."

"तू विचारलं नाहीस. तू भाषण केलंस."

"जागा अडत होती म्हणालास."

"अडत होती," तो म्हणाला. त्याने अक्षरांवरून अंगठा फिरवला. मग, "रंग दोन्ही बाजूंनी दे. लोखंड आहे. एका बाजूने दिलास तर दुसरीकडून खाऊन टाकेल."

२ मार्च

काळा रंग दिला. दोन्ही बाजूंनी. अक्षरांपुरती चार बोटं जागा सोडली. दादा जाता जाता म्हणाला, "तिथे गंज धरेल." म्हटलं, धरू दे.

रंग ओला असताना कडी लावता येत नाही, चिकटते. सुकायला एक दिवस लागतो असं दुकानदार म्हणाला होता. तोवर फाटक उघडं ठेवणं भाग आहे.

४ मार्च

दुसरा हात दिला. कडी लावलेली नाही, कारण वरचंच.

७ मार्च

तिसरा हात. कात्री टेबलावर दिसली नाही. विचारलं नाही.

११ मार्च

आणखी एक डबा आणायला गेलो. मागे दोन माणसं खोळंबली होती, तरी दुकानदार डबा हातातच धरून उभा राहिला.

"साहेब, फाटक केवढं आहे तुमचं?"